दुसरं मीटर

६ एप्रिल २०२५

मयुरीने आज जेवताना सांगितलं की तिला बिरशाला खोली करायची आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात ती एक मार्चपासून नर्स म्हणून लागली. तिच्यासोबतची राखी दवाखान्याच्या मागेच राहते, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. किराया अडीच हजार.

"बाबा, सकाळी साडेपाचची बस, घरी येता येता रात्रीचे आठ. मी पार गळून गेली," म्हणाली.

विचार करू, मी म्हटलं. हौ, म्हणाली आणि भाकरी मोडत बसली.

बालाघाट ते बिरसा पंच्याऐंशी किलोमीटर, मध्ये घाट आणि जंगल. त्रास आहे, मला कळतं. पण मयुरीची आई अनुसया जाऊन चार वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. एकटी मुलगी परक्या गावात खोली करून राहते म्हटल्यावर लोकांना काय दिसेल? मला लोकांचं काही नाही. तरीपण.

रजिस्ट्री ऑफिसात तेहतीस वर्षं बाबूगिरी केली. अडचण आली की कागद घ्यायचा आणि रकाने पाडायचे, एवढं मला येतं. रात्री तीन रकाने पाडले: बस, खोली, बॅटरीची गाडी. आपल्याकडे महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहिलं तर शंभर युनिटांचे शंभरच रुपये लागतात. मागच्या महिन्यात आमचं बिल ब्याण्णव रुपये होतं. म्हणजे गाडी घरी चार्ज केली तर चालवायचा खर्च जवळजवळ नाहीच. मयुरीला गाडी चालवता येते, जबलपूरला नर्सिंग करताना शिकली. तिसऱ्या रकान्यावर टिक केली.

१४ एप्रिल

बाबासाहेबांच्या जयंतीला गाडी घरी आली. पांढरी आहे. सगळं धरून अकरा लाख चाळीस हजार. सहा लाख माझ्या रिटायरमेंटच्या पैशातले, बाकीचं कर्ज मयुरीच्या नावावर, कारण पगाराची पावती तिची. महिन्याला अकरा हजार दोनशे, पाच वर्षं. म्हणजे २०३० पर्यंत ती कुठे जात नाही. लिहिताना बरं वाटलं.

शेजारचे घनश्याम भाऊ राइस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत. गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बडे बाबू, इसका साइलेंसर किधर है? चोरी तो नहीं हुआ?" सगळी गल्ली हसली. मग त्यांनीच अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केली, चहाशिवाय काही घेतलं नाही.

बुकिंगमध्ये मोबाइल नंबर माझा होता, म्हणून शोरूमच्या पोराने गाडीचं ॲप माझ्या फोनवर टाकून दिलं. नकाशावर निळा ठिपका दिसतो, तोच आपली गाडी. बॅटरी किती आहे, गाडी कुठे आहे, किती वेळ थांबली, सगळं घरबसल्या समजतं. मला स्वतःला गाडी येत नाही आणि आता शिकायचं वय नाही. ठिपका पाहता आला तरी पुष्कळ झालं.

१९ एप्रिल

शोरूमवाल्याने एका चार्जवर सांगितलेले तीनशे किलोमीटर कागदावरचे होते. घाट चढून बिरशाला पोचेपर्यंत बॅटरी बावन्न टक्क्यांवर येते, परत येईपर्यंत चौदावर. घरच्या प्लगवर पुरी भरायला सात तास लागतात. म्हणजे संध्याकाळी आल्यावर ती गाडी लगेच लावावीच लागते, आणि नंतर बाजारात किंवा मैत्रिणीकडे जाणं होत नाही. तसंही सकाळी पाचला उठायचं असतं, तिने जाऊन करायचं काय.

सकाळी सहाला निघते, साडेआठला तिथे. संध्याकाळी साडेसातला घरी. बसपेक्षा जाता-येता अर्धा-अर्धा तास वाचला.

९ मे

ऊन फार आहे. एसी लावला की दहा-बारा टक्के जास्त जातात आणि मग घरी येताना धाकधूक होते. मी तिला सांगितलं की चढावर एसी बंद ठेवायचा, उतारावर लावायचा. हौ, म्हणाली.

एक गोष्ट लक्षात आली. येताना ठिपका रोज घाटाआधी उकवा गावाजवळ थांबतो. सोमवारी अठरा मिनिटं, मंगळवारी बावीस, काल एकवीस. काल फोन केला तर उचलायला वेळ लावला.

"पाणी प्याले थांबली बाबा."

पाणी प्यायला एकवीस मिनिटं लागत नाहीत. मी संशयी माणूस नाही, फक्त लिहून ठेवतो.

२४ मे

लाइटचं बिल आलं. चार हजार सातशे दहा.

तीनदा वाचलं. युनिटं सहाशे बारा. आमची नेहमीची ब्याण्णव, बाकी सगळी गाडीची. दीडशेची मर्यादा ओलांडली, म्हणून पंख्याची आणि फ्रिजचीसुद्धा सवलत गेली. शंभर रुपयांच्या बिलावर अकरा लाखांची गाडी चालवायला निघालेला मी बडे बाबू. हे आधी कसं सुचलं नाही? दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका लाल पेनाने काढण्यात जन्म गेला, आणि स्वतःच्या रकान्यात असा खड्डा.

हप्ता अकरा हजार दोनशे, लाइट पाच हजाराच्या घरात, विमा महिन्याला धरला तर तीन हजार. मयुरीचा पगार अडतीस हजार. ती बिल पाहून एवढंच म्हणाली, "खोली अडीच हजाराची होती." रागाने नाही, सहज म्हणाली. मला मात्र जेवण गेलं नाही.

२७ मे

घनश्याम भाऊंनी तोड काढली. गाडीसाठी वेगळं मीटर घ्यायचं. म्हणजे निदान घराची शंभर रुपयांची सवलत परत मिळेल. लाइनमन विवेकला बोलावलं. तो म्हणाला, "एका घरात दुसरं मीटर नाही लागत बडे बाबू. किरायेदार असन तर लागते. त्याचा रस्ता अलग पाहिजे, चूल अलग पाहिजे, अन् किरायानामा पाहिजे."

समोरची खोली मयुरीचीच आहे. तिला बाजूच्या बोळात उघडणारं जुनं दार आहे, त्यापुढे कपाट ठेवलंय. कपाट सरकवलं की रस्ता अलग.

मयुरीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "म्हंजे मी तुमची किरायेदार?"

"कागदावर," मी म्हटलं.

३० मे

किरायानामा तयार झाला. स्टॅम्प पेपर, मजकूर हिंदीत, साक्षीदार घनश्याम भाऊ. खोटा कागद मी आयुष्यात केला नाही आणि हाही खोटा नाही. किराया पाचशे म्हणून लिहिलाय, तर ती मला खरोखर पाचशे देणार. रस्ता अलग लिहिलाय, तर कपाट खरोखर हलवलं. मुदत अकरा महिने. दोघांपैकी कोणालाही सोडायचं झालं तर महिन्याच्या एक तारखेपर्यंत लेखी सूचना, म्हणजे पुढच्या एक तारखेला मोकळं. त्यानंतर सूचना आली तर एक महिना आणखी. हे नसलं की कागद लंगडा राहतो.

मयुरीने सगळा वाचला. मग परत वाचला. नर्सबाई असून वाचते मात्र वकिलासारखं. सही केली आणि स्वतःसाठी झेरॉक्स मागून घेतली. कागदाची कदर मुलांना सहसा नसते, मला अभिमान वाटला.

१६ जून

विवेक शुक्रवारी तपासणीला आला आणि चूल पाहून मान हलवायला लागला. मी गॅसची छोटी शेगडी ठेवली होती, शेजारी एक पातेलं.

"इथं तं कोणी रांधत नाही दिसून राह्यलं, बडे बाबू. साहेबानं फोटो मांगला तर मी का दाखवू?"

बरोबर बोलला. चार दिवसांनी ये म्हटलं. मयुरीला सांगितलं की थोडे दिवस तिथे स्वयंपाक कर, मसाल्याचा वास भिंतीला लागू दे. कढई, तवा आणि पोळपाट आण, असं मी सांगितलं होतं. तिने अकरा वस्तू आणल्या. मीठ-मिरचीचे डबे, रॅक, गाळणी, दोन कप, खिडकीला पडदासुद्धा. रविवारचा सगळा दिवस ती त्या खोलीत खटपट करत होती आणि गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी मार्चनंतर ऐकलं नव्हतं.

२ जुलै

मीटर लागलं. काल एक तारखेला मयुरीने फोनवरून पाचशे पाठवले. मी पावती दिली.

संध्याकाळी म्हटलं, आता तपासणी झाली, इकडेच जेवत जा. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुमीच म्हणता ना, कागद खरा पाहिजे."

हसलो. हुशार आहे. पण मग खरंच तिकडे गेली. थोड्या वेळाने वाटीत वरण आणून दिलं, ते चांगलं होतं. तिखट अनुसयासारखंच. टीव्ही लावून जेवलो.

तिच्या खोलीचा आवाज भिंतीतून येतो. राखीशी फोनवर बोलत होती, हसत होती. काय बोलतात ते ऐकू येत नाही.

२२ जुलै

काल संध्याकाळी घाटात झाड पडलं, रस्ता बंद. बॅटरी एकतीस टक्के. मयुरी अर्ध्यातून वळली आणि राखीकडे राहिली. मला ते ठिपक्यावरून कळलं. तिचा फोन नंतर आला. मी तोवर तिला एकोणीस वेळा लावला होता.

आज सकाळी बोललो. आवाज बराच मोकळा होता. गाडी राखीच्या प्लगवर लावली आणि नऊ तास झोपली म्हणाली. नाश्त्याला पोहे केले, पायी ड्यूटीला गेली. घाटात अडकलेलं माणूस इतकं खूश कसं असतं, कोण जाणे.

रात्री घरी आली तेव्हा नेहमीसारखी होती. बोळातल्या दाराने गेली.

३ ऑगस्ट

हिशेब मांडला. घराचं बिल ब्याण्णव, गाडीचं चार हजार तीस. महिन्याला पाचशे अठ्ठ्याऐंशी वाचले. मीटर, वायर, शेगडी, दाराची दुरुस्ती मिळून चौदा हजार गेले. चोवीस महिन्यांत निघतील.

१८ ऑगस्ट

मोठी बहीण चंपाबाई मोतीबिंदूसाठी कटंगीहून आली आहे. तिने घर पाहिलं, बोळातलं दार पाहिलं, दुसरं मीटर पाहिलं. मग खाटेवर बसली.

"धम्मा, हे तू का करून ठेवलं?"

मी सगळं समजावलं. वही दाखवली. तिला वाचता येत नाही, तरी मी रकान्यांवर बोट फिरवून सांगितलं.

"म्हंजे अडीच हजाराची खोली नको म्हून अकरा लाखाची गाडी घेतली. अन् गाडीचं बिल नको म्हून पोरीची चूल अलग केली."

"कागदावर अलग."

"कागदावरचं वरण तुले वाटीत येते का?"

बाईमाणसाला हिशेब समजावणं अवघड. मी वही मिटली.

२२ ऑगस्ट

चंपाबाई परवा मयुरीसोबत वाटेवरच्या बैहरला नातेवाइकांकडे गेली आणि काल येताना तिच्याच गाडीत परतली. रात्री मला म्हणाली, "ते पोट्टी उकव्याच्या पुढं गाडी झाडाखाली लावते, मोबाइलमंदी घंटी लावते, अन् सीट मागं करून झोपते. वीस मिनटं. म्हणे आत्या, नाही झोपली तं घाटात डोळा लागते. एकडाव लागला बी होता म्हणे."

मी विचारलं, कधी लागला होता?

"मले काहून विचारते? तुया फोनात ठिपका हाय ना."

आज मयुरीशी बोललो. झोपताना काचा थोड्या खाली ठेव म्हटलं, एसी लावून झोपलीस तर परत येताना बॅटरी कमी पडेल. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हौ म्हणाली.

मला भीती वाटली होती, ती सांगायची होती. तोंडातून बॅटरी निघाली.

१४ सप्टेंबर

मयुरीने विचारायला सांगितलं म्हणून गोंदियाच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला फोन केला. पाच महिन्यांची गाडी, तेवीस हजार किलोमीटर. सात लाख म्हणाला, तेही बॅटरी तपासून. बॅटरीच्या गाडीला गिऱ्हाईक भीत-भीतच येतं म्हणे.

विकली तर चार लाख चाळीस हजार पाण्यात. नाही विकली तर हप्ता, बिल, विमा, आणि पावसाळ्यानंतर टायर, म्हणजे ती रोज पंच्याऐंशी जाणार आणि पंच्याऐंशी येणार. खोली घेतली तर गाडी अंगणात उभी राहणार आणि हप्ता तरी चालूच. कुठूनही धरा, निघायला जागा नाही. मी फसलो, हे आज पहिल्यांदा लिहितो.

फसलो, असं लिहिलं खरं. पण सकाळी सहाला निघत नाही तो मी, आणि झाडाखाली झोपत नाही तोही मीच.

मला झोप नीट लागत नाही. टीव्ही बंद केला की घर फार मोठं वाटतं. अनुसयाच्या आजारपणात मयुरी तीन वर्षं जबलपूरला होती आणि मीच सगळं केलं. ती गेली त्या दिवशी घरात मी एकटाच होतो. हे कुठल्या रकान्यात टाकू?

२ ऑक्टोबर

दीक्षाभूमीला जाऊन आलो, मी आणि मयुरी, रेल्वेने. अकरा लाखांची गाडी नागपूरला जाऊन न थांबता परत येत नाही, म्हणून ती अंगणात राहिली. लोकांची एवढी गर्दी, एवढी पुस्तकं. तिने मला दोन घेऊन दिली.

परत येताना गोंदियापर्यंत तिने पर्समध्ये तीनदा हात घातला आणि तसाच बाहेर काढला. डोकं दुखतंय का विचारलं. नाही म्हणाली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लहान होती तेव्हा रामपायलीच्या बसमध्ये अशीच झोपायची. खांदा अवघडला, पण हललो नाही.

३ ऑक्टोबर

सकाळी चहा ठेवायला उठलो तर टेबलावर लिफाफा. मयुरी निघून गेली होती.

सूचना. किरायानाम्याच्या कलम सातप्रमाणे मी, मयुरी धम्मपाल उके, किरायेदार, ही खोली सोडत आहे. एक नोव्हेंबरपासून बिरशाला राहीन. गाडीचा हप्ता मीच भरत राहीन. रविवारी बसने येत जाईन, रविवारी तुमच्याकडेच जेवीन.

मराठीत लिहिलं होतं. तिचं सगळं शिक्षण हिंदीत झालं, मराठी तिला धड लिहिता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या सोळा चुका. हात सवयीने लाल पेनाकडे गेला, मग राहू दिलं. तोंडाने सांगितलं असतं तर मी विचार करू म्हटलं असतं, हे तिला माहीत आहे. एप्रिलमध्ये मी तेच म्हटलं होतं आणि विचार तर केलाच नव्हता.

मग तारीख पाहिली. तीन. कलमाप्रमाणे सूचना एकपर्यंत हवी. तीनला मिळालेली सूचना पुढच्या महिन्यात मोजायची, म्हणजे ती एक नोव्हेंबरला नाही, एक डिसेंबरला मोकळी. कागद पक्का आहे, मीच केलाय. एक महिना मला आपोआप मिळत होता. खोटं काही करायचं नव्हतं, नुसतं बोट ठेवून दाखवायचं होतं. दुपारपर्यंत मी त्या एका महिन्यात राहून पाहिलं. तीस सकाळी, तीस संध्याकाळी, भिंतीपलीकडे कढईचा आवाज.

काल रेल्वेत तिने पर्समध्ये हात का घातला होता, तेही कळलं.

संध्याकाळी ठिपका उकव्याजवळ थांबला. पाच मिनिटं, दहा, पंधरा. मी फोन उचलला आणि परत ठेवला. तेवीस मिनिटांनी ठिपका हलला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. या पोरीने घाटात डोळा मिटला असता, आणि मी घरात बसून युनिटं मोजत होतो.

तिच्या सूचनेची झेरॉक्स करून आणली. खाली लिहिलं, "सूचना मिळाली, मान्य आहे." सही केली. तारखेच्या जागी पेन जरा थांबला. तेहतीस वर्षांत मागची तारीख मी कधी टाकली नाही. तशी मागणाऱ्यांना टेबलावरून उठवून लावलंय, एकाने त्यासाठी बदलीसुद्धा करवली होती माझी. १ ऑक्टोबर २०२५ असं लिहिलं, स्वच्छ अक्षरात.

ती आली. बोळातून जाऊन मी तिचं दार वाजवलं. हातात कागद दिला. तिने दिव्याखाली धरून वाचला, सगळा, वकिलासारखा.

"बाबा, आज तीन तारीख हाय."

"मले मालूम हाय," मी म्हटलं, आणि गाडीला चार्जर लावायला अंगणात आलो.